एकशे चाळिसावं भांडं

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं कुणाला नवल वाटायला नको. माझी सासू विमलबाई चार बायकांत सरळ म्हणते, "मंजुषाच्या नाकावर राग नाई बसत. रागावरच नाक बसवलं हाय तिच्या." बायका खदखदून हसतात. मीही हसते, पण आतून चिडते.

रिसोडहून सात किलोमीटरवर आमचं गाव. गावात बायकांचा बचत गट आहे आणि गटाचा भांड्यांचा कोठा आहे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो की भीमजयंतीचं जेवण, मोठी भांडी या कोठ्यातूनच जातात. गंज, म्हणजे आमच्याकडची मोठाली पातेली, झालंच तर कढया, कोपर म्हणजे मोठ्या पराती, वाढायच्या बादल्या. सगळी मिळून एकशे चाळीस, आणि प्रत्येकावर गटाचं नाव आणि नंबर ठोकलेला. बावीस वर्षांपूर्वी बायकांनी एकेक करून ही भांडी जमवली आणि तेव्हापासून कोठ्याची किल्ली विमलबाईच्या कमरेला आहे. घर उघडं टाकून ती शेतात जाईल, पण किल्ली झोपेतही सोडायची नाही.

यंदाच्या चैत्रात तीच किल्ली जायची वेळ आली.

झालं असं की गटाच्या अध्यक्ष कस्तुराबाई यांच्या मुलीचं, सुप्रियाचं लग्न झालं. कस्तुराबाईंचा भाजीपाल्याचा मळा आहे. रिसोडच्या बाजारात त्यांची वांगी आली की बाकीच्यांच्या टोपल्यांकडे कुणी बघत नाही. अशा बाईच्या घरचं लग्न, आणि ऐन पंगतीत गंज कमी पडले. वरण रंगाच्या रिकाम्या बादलीतून वाढावं लागलं. बादली घासून लख्ख केली होती, पण बाहेरून त्यावर 'निळा रंग' असं लिहिलेलं दिसत होतं. वराकडची मंडळी ते वाचत वाचत जेवली.

पुढच्याच बैठकीत कस्तुराबाईंनी कोठ्यातली भांडी मोजायला लावली. एकशे तीन भरली. सदतीस गायब.

"विमल, मले तुह्यावर संशय नाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "पण सदतीस भांड्यायले काई पाय नाई फुटत."

"येतीन ना," विमलबाई एवढंच म्हणाली. "भांडे कुठं जातेत?"

"कवा येतीन? माह्या पोरीच्या लग्नात तं नाई आले."

मी तिच्या शेजारी बसून मनात म्हणत होते, बोला आत्याबाई, काहीतरी बोला. पण ती नुसती किल्ली बोटाभोवती फिरवत राहिली. शेवटी ठराव झाला. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सगळ्यांसमोर पुन्हा मोजणी करायची. एकशे चाळीस भरली तर ठीक. नाही भरली तर आहे तेवढी भांडी रिसोडचा बिछायतवाला, म्हणजे लग्नाची भांडी भाड्याने देणारा दौलतसिंग घेऊन जाईल, कोठा बंद, आणि पुढे लागेल तेव्हा त्याच्याकडून आणायची. दौलतसिंग कधीचाच टपून बसला होता.

बैठक उठली तेव्हा मागून एक आवाज माझ्या कानावर आला. कुणाचा ते सांगत नाही, ती बाई आता माझ्याशी चांगली आहे. "विमलबाईच्या पोरीनं पुण्यात नवा संसार थाटला ना, भांडे लागतेतच."

माझं डोकं सणकलं. मी वळून काही बोलणार तेवढ्यात विमलबाईने माझा हात धरला आणि ओढतच मला घरी आणलं. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट बिघडलं म्हणाली. तिचं पोट काय बिघडलं होतं ते मला चांगलं कळत होतं. बावीस वर्षं सांभाळलेलं नाव बिघडत होतं.

लग्नाआधी मी अकोल्याला कपड्यांच्या मोठ्या दुकानात गोदामावर होते. तिथे प्रत्येक कपड्याला टॅग असायचा. दरवाजात लावतात तो चोरघंटीवाला जाडजूड बिल्ला नव्हे. पातळ पट्टी, आत डाळीच्या दाण्याएवढी चिप आणि तिला चिकटलेली तार. हातात पिस्तुलासारखं यंत्र धरायचं आणि घोडा दाबायचा. यंत्रातून रेडिओच्या लहरी निघतात, पट्टीला लागतात आणि पट्टी आपला नंबर सांगते. पट्टीत सेल नाही, काही नाही. गठ्ठा उघडायची गरज नाही, एकेक कपडा उचलायची गरज नाही. चार हजार सदरे मी अर्ध्या तासात मोजत असे. एखादा विशिष्ट सदरा शोधायचा असेल तर त्याचा नंबर टाकायचा. आपण जवळ जाऊ तशी यंत्राची टिकटिक वाढत जाते.

दुकानाने नवी यंत्रं घेतली तेव्हा जुन्यातलं एक मॅनेजरकडे धूळ खात पडलं होतं. मी फोन केला, नवरा अश्वजित जीप घेऊन अकोल्याला गेला आणि यंत्र घेऊन आला. पट्ट्या मुंबईहून मागवल्या. त्या महिन्यात जीपचे टायर बदलायचे राहिले. तो नुसता टायरांकडे बघत उभा राहायचा.

आता मी केलेली चूक. भांडी रोज घासली जाणार, राखेने नाहीतर पावडरने, म्हणून मी मुद्दाम हॉटेलच्या चादरींना शिवतात तसल्या रबरी पट्ट्या मागवल्या. शंभर धुण्यांत टिकणाऱ्या. मोठ्या अकलेने प्रत्येक भांड्याच्या अंगाला गोंदाने घट्ट चिकटवल्या. मग गटाच्या बायकांना बोलावलं, कोठ्याच्या मधोमध उभी राहिले आणि ऐटीत घोडा दाबला.

यंत्र मुकं. मी पुढे गेले, मागे आले, गंजाला टेकवून दाबलं. शेवटी कोपऱ्यातल्या सतरंजीला गंमत म्हणून एक पट्टी टाचली होती, तिने तेवढी ओ दिली.

"एक सतरंजी हाय म्हणते," कस्तुराबाई म्हणाल्या. "ते तं आमाले डोयानंबी दिसून राह्यली."

असा हशा झाला की कोठ्यातली भांडी घुमली. अकोल्यात मी फक्त कपडे मोजले होते. लोखंड, स्टील, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, या धातूंपुढे त्या लहरींचं काही चालत नाही, पट्टी धातूला चिकटली की तिचा आवाजच धातू खाऊन टाकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी यंत्र खाटेखाली ढकलून दिलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई एक गंज घेऊन माझ्यापुढे उभी. घासताना पट्टीचा गोंद अर्धा सुटला होता आणि पट्टी कडीपाशी लोंबत होती.

"लाव तुहं पिस्तूल," ती म्हणाली.

लावलं. टूं! नंबर बेचाळीस. मी पट्टी दाबून धरली, यंत्र गप्प. सोडली, टूं.

"तुह्यासारखंच हाय," विमलबाई म्हणाली. "चिकटून बसलं की मुकं. जरा दूर टांगलं की बडबड सुरू."

मला हसू आवरेना आणि खरं सांगते, तेव्हा मला ती बाई फार आवडली. आम्ही दोघींनी सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या आणि कड्यांना लोंबत्या बांधल्या. बांधायला टमाट्याची झाडं बांधतात ती नायलॉनची दोरी कस्तुराबाईंनीच दिली. "हारली तरी मजा तं पाह्यले भेटन," असं म्हणून दिली, पण दिली. संध्याकाळी कोठ्याच्या दारात उभं राहून मी घोडा दाबला. एकशे तीन टूं एकामागून एक वाजले, जसं काही कोठ्यात पाखरांचा थवा भरला होता. यंत्र जोडलेल्या मोबाइलवर आकडा आला. विमलबाईने तो दोनदा वाचला, पण यंत्राला हात लावला नाही. "मले नाई जमत बाप्पा ते," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात गावातल्या धुरपताबाईंच्या मुलाचं, करणचं लग्न होतं. नव्वद भांडी गेली. जाताना मी दारात उभी राहून एकेकाचा नंबर टिपला. परत आली एक्याऐंशी. आणि यावेळी मला नुसतं नऊ कमी आहेत एवढंच कळत नव्हतं, कोणती नऊ तेही कळत होतं. मी म्हटलं, चोरांनो, आता बघा.

विमलबाई भाजी निवडत होती. मी कुठे निघाले हे तिला न सांगता यंत्र घेऊन निघाले. आमच्या आळीतून, मग माळ्यांच्या आळीतून, एकेका अंगणात. तिसऱ्याच घरापाशी टिकटिक सुरू झाली. मी आत शिरले. म्हातारी चुलीपाशी होती. फळीवर गटाचा गंज, नंबर अठ्ठावन्न, घासून पालथा घातलेला.

"हे गटाचं हाय ना, आजी?"

"होये ना वं माय. करणच्या लग्नातली बुंदी आल्ती त्यात."

"मंग परत काहून नाई केलं?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला लुगडं का नेसलीस असं विचारलं. "रिकामं कसं देऊ? अन्न भरून आलेलं भांडं रिकामं देतेत का कोणी? हरभरे दळून आणले की बेसन घालून देतो."

पुढच्या घरी तेच. "लोणचं मुरू दे, मंग देतो." आणखी एका घरी, "सांडया वाळल्या की." आणि त्यानंतरच्या घरी टिकटिक इतकी जोरात झाली की मी यंत्र खाली केलं. ते घर कस्तुराबाईंचं होतं. ओट्यावर बादली नंबर चौसष्ट.

कस्तुराबाई ओशाळल्या. त्यांना ओशाळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "नव्या बागेचे वांगे निघाले का घालून देणार होती," त्या म्हणाल्या. मग पदर नीट करून त्यांनी मान वर केली. "पण ठराव म्हणजे ठराव, मंजुषा. माह्या घरची बादली त्यात धरूनच मोजायची."

नऊच्या नऊ भांडी मला सापडली. मी उड्या मारतच घरी आले. वाटलं, सासू आता पाठ थोपटेल.

विमलबाई दारातच उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"पिस्तूल घेऊन दारोदार फिरली तू?" तिचा आवाज चढला नव्हता. "गावाले चोर ठरवलं?"

"तुमाले चोर ठरवून राह्यले ते लोक! मी नऊ भांडे शोधले, आत्याबाई. आता त्या सदतीसचाबी पत्ता..."

"सदतीसचा पत्ता मले माईत हाय."

ती ओट्यावर बसली आणि बोलायला लागली. "चार नंबरची कढई धुरपताच्या नणंदीकडं, मालेगावले. नऊ नंबर गंज, बारशाच्या घुगऱ्या घेऊन गेल्ता, किसनसिंगच्या घरी. बारा अन् तेरा मेहकरले. सतरा..." इथे ती थांबली. "सतरा राहू दे. बावीस नंबर बादली शिक्षकाच्या घरी, त्यायची बदली झाली वाशिमले..." असं करत तिने छत्तीस भांड्यांची घरं सांगितली. वही नाही, मोबाइल नाही. ती मध्ये थांबली होती हे मी ऐकलं, पण मी रागात होते, आणि रागात माणूस ऐकतो तरी ध्यानात धरत नाही.

"सगळं माईत होतं तं बैठकीत बोलल्या काहून नाई?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "मी ह्या घरात नवी सून म्हणून आली तवा गावात आपल्या घरचा पाण्याचा गिलास कोणी हातात घेत नव्हतं. आता आपल्या हातचं वरण सगळ्या आळ्यायत जाते. भांडं भरून घेतेत लोक, अन् रिकामं द्याले लाजतेत. त्यायच्या दारात जाऊन म्हणू, आमचं भांडं द्या? उद्या घेतीन का ते आपलं अन्न?"

भांडी हरवली म्हणून मी जिला बिचारी समजत होते, तिला ती गेलेली भांडी म्हणजे आपण जिंकल्याची खूण वाटत होती. आणि ती खूण जपण्यापायी ती कमरेची किल्ली द्यायला निघाली होती. मला गहिवरून आलं. पण मला गहिवर आला की तोसुद्धा रागातूनच बाहेर पडतो.

"मंग रिकामं नाई तं भरून आणा म्हणा ना!" मी ओरडले. "भराले काय सोनं लागते का? मूठभर तांदूळ टाका म्हणावं अन् आणा!"

विमलबाईने माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणली? परत म्हण."

मी परत म्हटलं, जरा हळू. ती उठली, कमरेची किल्ली चाचपली आणि म्हणाली, "पुनवेले खीर करू."

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे दरवर्षी खीर होतेच. पण यंदाचं बोलावणं वेगळं होतं. अश्वजितची जीप रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत आठ दिवस अडकली होती, ती आता मोकळी झाली होती. तो ज्या गावाला सवारी घेऊन जाई तिथे निरोप देई. जिथे जीप जात नव्हती तिथे मी फोन केले. निरोपाचे शब्द विमलबाईने मला पाठ करून घेतले होते, माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. "पुनवेले खीर हाय. घरी गटाचं भांडं असन तं त्यात मूठभर काईबी टाकून घेऊन या, त्याचीच खीर करू. भांडं नसन तरी या." हरवलं, राहिलं, कधी देता, असलं काही म्हणायचं नाही. आणि जी नऊ भांडी मी शोधून काढली होती ती परत आणायलाही तिने मला जाऊ दिलं नाही. "येतीन," म्हणाली.

पौर्णिमेच्या दिवशी चार वाजता कोठ्यापुढच्या पटांगणात चूल पेटली. मी यंत्र घेऊन टेबलाशी बसले, सोबत उरलेल्या पट्ट्या आणि टमाट्याची दोरी. कोठ्यात चौऱ्याण्णव भांडी होती. सव्वाचारला दौलतसिंग टेम्पो घेऊन आला आणि निंबाखाली लावून बसला. टेम्पोचा फाळका आधीच पाडलेला. साडेचार वाजले. एकही भांडं नाही. बायका आल्या, पण रिकाम्या हाताने, आणि लांब उभ्या राहिल्या. सगळ्याच एकमेकींकडे बघत होत्या. आधी कोण?

"अश्वजित कुठी गेला?" मी विचारलं. तो सकाळपासून दिसला नव्हता. "सवारी हाय त्याले," विमलबाई म्हणाली. अशा दिवशी सवारी! मी त्यालाही मनात चार शिव्या घातल्या.

तेवढ्यात माळ्यांच्या आळीतून कस्तुराबाई आल्या. डोक्यावर चौसष्ट नंबरची बादली, काठोकाठ दूध. पटांगणाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत आल्या आणि बादली माझ्यापुढे ठेवली.

"दोन म्हशीचं हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "लई दिवस ठेवून घेतलं होतं तुमचं भांडं, विमलबाई."

आजवर त्या सासूला नुसतं विमल म्हणत. मी घोडा दाबला. टूं.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! म्हातारी अठ्ठावन्न नंबरात बेसनाऐवजी तांदूळ घेऊन आली. धुरपताबाई आपल्या नणंदेला मालेगावहून घेऊन आल्या, सोबत चार नंबरची कढई, आत साखर. कुणी खोबरं आणलं, कुणी वेलदोडे, एकाने खिरीत चालत नाहीत हे माहीत असूनही गंजभर कांदे आणले, कारण त्याच्याकडे तेवढेच होते. शिक्षक वाशिमहून मोटारसायकलवर आले, बादली मागे बायकोच्या मांडीवर. जुन्या भांड्यांना पट्टी नव्हती. भांडं आलं की मी नंबर टाकायचे, पट्टी बांधायचे, घोडा दाबायचे, टूं. शंभर. एकशे पंधरा. माझी बोटं दोरीने कापली गेली. यंत्राचा प्रत्येक आवाज ऐकून पोरं ओरडत, मग बायकाही ओरडायला लागल्या. एकशे तीस! दौलतसिंग टेम्पोतून उतरून जवळ येऊन उभा राहिला.

एका भांड्यावर मला गटाचं नाव सापडेना. फिरवून बघितलं तर त्यावर ठोकलं होतं, "दौलतसिंग बिछायत केंद्र". पाठोपाठ तशीच आणखी पाच निघाली. भांडं आणा म्हटल्यावर लोकांनी घरात जे परक्या नावाचं होतं ते सगळंच भरून आणलं होतं.

"हे तं माह्ये हाय!" दौलतसिंग म्हणाला.

"तुमच्याकडं कमी पडले नाई का, भाऊ?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"मोजते कोण, बाई? हजारानं भांडे हाय." असं म्हणून तो माझ्या हातातल्या यंत्राकडे बघत राहिला. पटांगण हसून लोळत होतं.

सहाच्या सुमाराला गर्दी ओसरली. मी कोठ्याच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून घोडा दाबला. मोबाइलवरचा आकडा धावत वर गेला आणि थांबला. एकशे एकोणचाळीस.

पुन्हा दाबलं. एकशे एकोणचाळीस. नसलेला नंबर स्क्रीनवर लाल दिसत होता. सतरा.

"एकानं काय होते?" कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "अन् दौलतसिंगचे सा जास्त हाय की."

"दुसऱ्याचं आपल्यात नाई मोजायचं," विमलबाई म्हणाली. "ठराव एकशे चाळीसचा हाय. जरा थांबा."

मला त्या सतरा नंबरवाल्या माणसाचा असा राग आला! अख्खा मुलूख भांडी घेऊन आला आणि या एका घराला एवढीही लाज नसावी? मी तसं म्हणालेही, चांगलं मोठ्याने. "कोण हाय तरी कोण हा सतरा नंबरवाला?"

विमलबाई रस्त्याकडे बघत होती. आणि रस्त्यावर धूळ उडवत अश्वजितची जीप आली.

पुढच्या सीटवरून माझी आई उतरली.

आई मानोऱ्याकडे एका तांड्याजवळच्या गावात राहते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. तिच्या दोन्ही हातांत छातीशी धरलेला गंज होता, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. तो गंज मी ओळखला. माहेरी फळीवर, कपड्याखाली झाकलेला, चार वर्षांत दहा वेळा पाहिलेला. आई त्यात कधी काही शिजवत नसे आणि मी कधी विचारलं नाही. माझ्या लग्नात परतीच्या ट्रकात वऱ्हाडाने खावी म्हणून विमलबाईने त्यातून बुंदी दिली होती.

माझ्या हातात रेडिओच्या लहरींचं यंत्र होतं, आणि गावभर मी चोर शोधत फिरले होते. तोंड कुठे लपवू असं मला झालं.

आई माझ्याकडे न बघता विमलबाईकडे गेली. "इहीनबाई, चार वर्सं झाले," ती म्हणाली. "दरसाल म्हणे, काईतरी चांगलं घालून देऊ. काईच पुरं वाटे ना. यंदा कारखान्याकडून येतानी ही गुळाची भेली आणली. तुमी चार वर्सं एका शब्दानं नाई मागतलं."

तेव्हा मला कळलं की सासू सतरावर का थांबली होती. गाव तिला चोर म्हणत होतं, आणि सुनेच्या माहेराचं नाव तोंडातून जाऊ नये म्हणून ती गप्प बसली होती.

विमलबाईने गंज घेतला. फडकं सोडून गुळाचा वास घेतला. मग आईला म्हणाली, "बाई, तुमी कायले लाजता? तुमच्याकडून भांडं रिकामं राह्यलंच कुठं? तुमी तं पयलेच भरून धाडलं. हे काय, पिस्तूल घेऊन उभी हाय."

लोक हसले. मी रडले. आईच्या गळ्यात पडून, गटासमोर, दौलतसिंगसमोर, मोठ्याने रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

विमलबाईने स्वतः सतरा नंबरच्या कडीला पट्टी बांधली. मग माझ्या हातातून यंत्र घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, डोळे बारीक केले आणि घोडा दाबला. टूं.

एकशे चाळीस! पोरांनी अशी आरोळी ठोकली की निंबावरचे कावळे उडाले. कस्तुराबाईंनी ठरावाची वही मिटून पिशवीत टाकली आणि विमलबाईच्या कमरेची किल्ली आपल्या हाताने तिच्याच पदरात नीट खोचली. मागे कुजबुजणारी ती बाई सगळ्यांत पुढे टाळ्या वाजवत होती.

खीर वाढून झाली. दौलतसिंग दोन वाट्या खाऊन माझ्याकडे आला. "पोरी, माह्या कोठ्यालेबी हे बांधून देशीन का? हजारावर भांडे हाय, खुर्च्या अलग." मी म्हटलं, देईन, पण माझी सासू बरोबर येईल, पट्ट्या कशा टांगायच्या ते तिला कळतं. तो हो म्हणाला. आपली सहा भांडी टेम्पोत टाकून तो निघाला तेव्हा विमलबाईने त्याला थांबवलं. घरच्यांसाठी खीर भरून दिली. सतरा नंबरच्या गंजात.

"आत्याबाई! आत्ताच तं आला तो!"

"जाऊ दे ना वं," ती म्हणाली. "येईन."

टेम्पो वळणाआड गेला. मी सवयीने घोडा दाबला. मोबाइलवर पुन्हा एकशे एकोणचाळीस दिसत होते आणि मला राग आला नाही. मी यंत्र बंद केलं आणि आईसाठी खीर वाढायला गेले.